वजन भरलं, ताकद भरली नाही

माझं कामच वजन करायचं आहे. इकडे छत्तीसगढात, बीरगावच्या बाहेर, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक धर्मकाटा आहे, म्हणजे अख्खा ट्रक तोलायचा काटा. त्याच्या खिडकीत मी बरीच वर्षं बसते आहे. भरलेला ट्रक आधी चढतो, माल उतरवला की रिकामा पुन्हा चढतो, आणि दोन्हींतला फरक तो माल. ड्रायव्हर मला दीदी म्हणतात आणि सहसा हुज्जत घालत नाहीत, कारण माझा आवाज त्यांच्या भोंग्यापेक्षा मोठा आहे.

हे आधीच सांगितलं, कारण कॅन्सर झाल्यावर आमच्या घरात जी काही भांडणं झाली, ती सगळी वजनावरून झाली. स्तनाचा कॅन्सर म्हटलं की लोक आधी केसांचं विचारतात. केस माझेही गेले. त्यांचं मला फार वाईट वाटलं नाही, मुळात ते होतेच किती. माझा जीव खरा अडकला होता तो माझ्या अंगातल्या मांसात. कुणी बाई आत्ता हातात रिपोर्ट धरून बसली असेल आणि घरचे तिला "तू फक्त पडून राहा" म्हणत असतील, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

गाठ

आंघोळ करताना गाठ हाताला लागली तेव्हा मला ती चरबीचीच वाटली. माझ्या अंगावर चरबीला काही तोटा नव्हता. महिनाभर मी तिच्याकडे काणाडोळा केला. मग ती कडक झाली आणि मी नवऱ्याला सांगितलं. विलास रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात आहे. बोलायला कमी, पण एकदा ऐकलं की विसरत नाही. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो मला दवाखान्यात घेऊन गेला.

तपासण्या झाल्या, सुईने तुकडा काढला, आणि मग एका दुपारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. मी विचारलं, "संध्याकाळची ड्यूटी करू शकते ना?" डॉक्टर गोंधळले. विलास उठून बाहेर गेला आणि चहाचे दोन कप घेऊन आला. चहा कपापेक्षा बशीतच जास्त होता. तेव्हा कुठे मला भीती वाटली.

घरी सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्या काटकुळ्या आहेत, वाऱ्याने उडतील अशा. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काही होत नाही तुले," त्या म्हणाल्या. "अंग पाहा कसं भरलेलं आहे! आजारी मानूस असा असते का?"

मग देवघरासमोर जाऊन त्यांनी नवस बोलला. सून बरी झाली की पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, देवीसमोर तिची गुळाची तुला करीन. आमच्यात ही पद्धत आहे. तराजूच्या एका पारड्यात बरं झालेलं माणूस बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ घालायचा, आणि तो गूळ सगळ्या मोहल्ल्यात वाटायचा.

"जेवढी भरशील तेवढा देवीचा मान," आई म्हणाल्या. "आता एक मासाही कमी होऊ नको."

कलिंगडाची फोड

रोग आणखी कुठे पसरला आहे का, हे पाहायला माझा स्कॅन काढला होता. तो पसरलेला नव्हता. पण त्याच स्कॅनमधला एक काप घेऊन आमच्या दवाखान्यात आणखी एक गोष्ट पाहतात, हे मला माहीत नव्हतं. ते काम पल्लवी मॅडमकडे होतं. त्या पेशंटचा आहार ठरवतात. मुलगी भिलाईची, मराठी घरातली, माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी.

तिने कॉम्प्युटरवर माझ्या कमरेचा आडवा काप दाखवला. कलिंगडाची फोड असावी तसा तो गोल होता. काळसर दिसते ती चरबी, पांढुरकं दिसतं ते मांस, असं तिने समजावलं. काळसर भरपूर होतं. पांढुरकं मधोमध अंग चोरून बसलेलं.

"काकू, वजन पुष्कळ आहे तुमचं, पण त्यात मांस कमी आहे," ती म्हणाली. "अशा पेशंटले केमो जास्त झोंबते. मग डोस कमी करा लागते, नाही तं पुढं ढकला लागते. औषध पुरं नाही गेलं तं त्याचा फायदाही कमी होऊ शकते."

"म्हणजे मी मरणार, हे या फोटोत दिसून राहिलं का तुले?"

ती दचकली, पण घाबरली नाही. "नाही काकू. हा अंदाज आहे. कोणाले जास्त जपा लागन, ते आधी समजते यानं. मांस वाढवता येते. म्हणून तं दाखवून राहिली."

मी त्या फोडीकडे पाहत राहिले. आमच्या काट्यावर कोळशाचे ट्रक येतात. काही जण वाटेत कोळशावर पाणी मारून आणतात. काटा वजन दाखवतो, पाणी किती ते दाखवत नाही. ओला कोळसा भट्टीत गेला की कळतं. मी आयुष्यभर अशा ट्रकवाल्यांना ओरडत आले आणि इथे मीच ओला कोळसा निघाले. हे मी मोठ्याने बोलून दाखवलं तेव्हा पल्लवी इतकी हसली की बाहेरून नर्स डोकावली.

मग तिने मला एका मशीनवर उभं केलं. पायाखाली धातूच्या पट्ट्या, हातात दोन दांडे. हे दर वेळी करायचं, म्हणजे मांस कमी झालं की वाढलं ते कळेल. दुसरी एक मूठ होती, हाताची ताकद मोजायची, ती जोर लावून दाबायची. शेवटी तिने मला खुर्चीवर बसवलं आणि हात छातीशी बांधून उठायला सांगितलं. मला उठता आलं नाही. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा विलासच्या खांद्याला धरूनच उठले. लाज वाटली. घरी मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठते, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तिने सांगितलं ते सोपं होतं. दर जेवणात डाळ, अंडी, मासे, पनीर, दही, यातलं काहीतरी. रोज चालायचं. उठबस करायची. झेपेल तेवढं, पण रोज. मी हो हो म्हणत बाहेर आले.

घरचं पथ्य

आता मला रागावू नका, पण घरी आल्यावर मी त्यातलं काहीच केलं नाही. करूच दिलं नाही, हे अर्धं खरं. अर्धं खरं असं की मला लाड आवडले.

पहिली केमो झाली आणि दोन दिवसांनी जणू हाडांतून वाफ निघायला लागली. तोंड आलं. पाण्यालाही लोखंडाची चव. आईंनी खाट खिडकीजवळ आणली आणि मला तिच्यावर स्थापन केलं. औषध गरम, म्हणून अंडी बंद, कारण अंडी गरम. मासे गरम. तुरीची डाळ पित्त करते. उरलं काय, तर थंड थंड सगळं: साबुदाण्याची खीर, शिरा, नारळाचं पाणी, आणि रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, ज्याला इथे बासी म्हणतात. मला भूक नव्हती, पण गोड जात होतं. उठून पाणी घ्यायला गेले तरी आई ओरडायच्या, "काहून उठली? मी मेली का?"

माझी लेक सृष्टी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तीही आजीच्या पार्टीत. "मम्मी, आप बस रेस्ट करो," म्हणायची आणि माझ्या हातातून झाडू काढून घ्यायची.

दर रविवारी विलास मला घरातल्या वजनाच्या काट्यावर उभं करायचा. वजन वाढत होतं. आई खाली वाकून काटा बघायच्या. त्यांना वाचता येत नाही, पण काटा उजवीकडे सरकला की टाळी वाजवायच्या. मलाही वाटायचं, चला, जिंकून राहिलो आपण. रोज वजन करणारी बाई मी, आणि घरच्या काट्यावर मीच फसले.

पुढे ढकललं

तिसऱ्या केमोच्या आधी ताप चढला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. दवाखान्यात भरती केलं. स्नानगृहापर्यंत जाताना मी भिंतीला धरून खाली बसले. शेजारच्या खाटेवर धमतरीकडची एक बाई होती, दुलारी दीदी. तिचंही हेच दुखणं. ती सलाईनचा स्टँड ढकलत आली आणि तिने माझ्या काखेत हात घालून मला उचललं. हडकुळी होती ती, पण पकड अशी की मी निमूट उठले.

ताप उतरल्यावर पल्लवीने पुन्हा मशीनवर उभं केलं. वजन वाढलेलं होतं. मांस घटलेलं होतं. वाढलं होतं ते पाणी आणि चरबी.

मोठे डॉक्टर आले. ते शांतपणे बोलतात, त्याचीच जास्त भीती वाटते. "इस बार की केमो आगे बढ़ानी पड़ेगी," ते म्हणाले. "अगली बार भी यही हाल रहा तो डोस घटाना पड़ेगा. मैं घटाना नहीं चाहता. गाँठ छोटी हो रही है, दवा काम कर रही है. शरीर को साथ देना होगा."

औषध काम करत होतं आणि मीच कमी पडत होते. रात्री नाही, भर दुपारी, सगळ्या वॉर्डासमोर मी रडले. मला जगायचं होतं. सृष्टीचं लग्न वगैरे पाहायचं म्हणून नाही. मला माझ्या खिडकीत बसून ट्रकवाल्यांवर ओरडायचं होतं, विलासबरोबर संध्याकाळी चहा प्यायचा होता. रडून झालं आणि मग मला राग आला. आयुष्यात रागाने माझं नुकसान पुष्कळ झालं आहे, पण त्या दिवशी तो कामाला आला.

भांडण

घरी आले तर खाट तयार, खीर तयार.

"मले खीर नको," मी म्हटलं. "दोन अंडी उकडा."

"येडी झाली का? अंगात एवढी गरमी अन् अंडी?"

"आई, तुमच्या खिरीनं मी मरून राहिली!"

असं बोलायला नको होतं, हे शब्द तोंडातून सुटतानाच कळलं. आईंनी हातातली वाटी खाली ठेवली, तिचा आवाजही झाला नाही. विलास दारात उभा होता. तो मला म्हणाला, "वंदना, बस कर." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो माझ्यावर असा कधी आवाज चढवून बोलला नव्हता.

आई भिंतीशी बसल्या. माझ्याकडे न बघता बोलल्या.

"तुझे सासरे असेच गेले. तू नव्हती तेव्हा. छातीचं दुखनं होतं. रोज थोडे थोडे वाळत गेले. शेवटी मी त्याइले एका हातानं उचलून कुशीवर वळवत होती. एका हातानं, वंदना. मले वजन कमी झालेलं पाहवत नाही."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला त्यांचा राग आला होता, तो गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं. त्या मला मारत नव्हत्या. एका माणसाला वाचवता आलं नव्हतं, त्याची सगळी खीर त्या मला भरवत होत्या.

आईंची मूठ

पुढच्या तपासणीला मी आईंना बरोबर नेलं. त्या यायला तयार नव्हत्या. सृष्टीने त्यांना स्कूटीवर मागे बसवून आणलं आणि वाटेत दोनदा "दादी, छोड़ो, गला दब रहा है" असं ओरडत आली.

पल्लवीने मला मशीनवर उभं केलं, मूठ दाबायला दिली. आकडा रडका आला. आई बाजूला पदर तोंडाशी धरून बघत होत्या. पल्लवीला काय सुचलं कोण जाणे, तिने विचारलं, "आजी, तुम्ही दाबता का?"

"मी? मी तं काडी आहे बाई."

"दाबा तं खरं."

आईंनी ती मूठ हातात घेतली, गाईचं दूध काढायला बसावं तसं तोंड केलं आणि दाबली. पल्लवीने आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्यापेक्षा चांगलाच वर होता. तिने आईंना खुर्चीवर बसवून हात बांधून उठायला सांगितलं. आई उठल्या, बसल्या, उठल्या, बसल्या, आणि थांबायला सांगितलं नाही म्हणून तशाच चालू राहिल्या. शेवटी सृष्टीनेच त्यांना धरलं. मग मशीनवर. आईंच्या त्या एवढ्याशा वजनात मांसाचा वाटा माझ्याहून कितीतरी मोठा निघाला.

"आजी," पल्लवी म्हणाली, "तुम्ही बारीक आहात, पन मजबूत आहात. काकू भरलेल्या आहेत, पन कमजोर आहेत. मले काकूइले तुमच्यासारखं बनवायचं आहे."

आईंनी पदर सावरला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, तसं मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. घरी परतताना त्यांनी मोहल्ल्यात भेटेल त्याला सांगितलं की सून काट्यावर हरली आणि सासू जिंकली. मला त्याचं जरा लागलंच. पण स्वयंपाकघरातून उकडलेल्या अंड्यांचा वास आला तेव्हा मी ते माफ करून टाकलं.

कसरत मास्तर

पल्लवीने रबराचा पट्टा दिला होता, ओढायचा. आईंना तो पसंत नव्हता. त्यांची स्वतःची पद्धत होती. सकाळी नळ आला की अर्धी बादली मी उचलायची. पुढच्या आठवड्यात जरा जास्त भरलेली. गाठ होती त्या बाजूच्या हाताने नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आई ते डोळ्यांत तेल घालून बघायच्या. खुर्चीवरून उठबस करताना त्या समोर बसून उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालायच्या आणि मी थांबले की हात थांबवून बघायच्या.

"काहून थांबली?"

"दम लागला, आई."

"लागू दे. दम जित्या मानसाले लागते."

केमोनंतरचे चार-पाच दिवस वाईटच असायचे, ते काही बदललं नाही. तोंड तसंच यायचं, हाडं तशीच दुखायची. त्या दिवसांत मी घरातल्या घरात दरवाजापासून देवघरापर्यंत चालायचे. एकदा मधेच बसले आणि म्हटलं, आज नाही होत. विलास कामावरून नुकताच आला होता. डबा खाली ठेवला, माझा हात धरला आणि माझ्याबरोबर दरवाजापर्यंत चालत गेला. मग परत देवघरापर्यंत. आमचं भांडण तिथे मिटलं.

सृष्टीने अंडी-भुर्जी शिकून घेतली. पहिली इतकी तिखट केली की आलेल्या तोंडाला आग लागली. ती रडायला लागली, मी हसायला लागले. दुसऱ्या दिवशी मिठाशिवाय काही घातलं नाही, आणि मी सगळी खाल्ली.

घरचा वजनाचा काटा आम्ही माळ्यावर टाकला. पल्लवीच्या मशीनवर आधी मांस घटायचं थांबलं. मग एकदा, चिमूटभर का होईना, वाढलं. उरलेल्या सगळ्या केमो वेळेवर झाल्या, पूर्ण डोसाच्या. शेवटची बाटली रिकामी झाली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी माझ्या खाटेशी येऊन फक्त "शाबाश" म्हटलं. मग ऑपरेशन, मग शेक. ऑपरेशननंतर नर्सने उठवायला हात पुढे केला, तेव्हा मी हात न धरता पलंगावरून उतरले. तिला त्यात विशेष वाटलं नसावं. मला फार वाटलं.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. तपासण्या चालूच आहेत, आणि दर वेळी आदल्या दिवशी मला भीती वाटते. माझ्यासारखं सगळं करूनही एखादीचा डोस कमी करावा लागतो, तिने स्वतःला दोष देऊ नये. दुलारी दीदीची पकड माझ्याहून घट्ट होती, तरी तिची केमो दोनदा लांबली. पण घरच्यांच्या प्रेमाखाली झोपून राहू नका, एवढं मी हक्काने सांगते.

तुला

देवीच्या देवळात तुलेचा दिवस ठरला. विलासने गुढियारीच्या धान्य बाजारातून लाकडी दांडीचा मोठा तराजू मागून आणला. मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. माझे केस बोटभर परत आले होते, त्यांवर मी पदरही घेतला नाही.

मी पारड्यात जाऊन बसले. तराजू सांभाळायला पुजाऱ्याचा भाऊ होता, छत्तीसगढी माणूस, मोजक्या बोलाचा. समोरच्या पारड्यात तो गुळाच्या भेल्या एकेक करून ठेवू लागला. आजारपणाच्या आधीपेक्षा माझं वजन चांगलंच उतरलं होतं. ते आईंना माहीत होतं. मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. माझ्या मनात धाकधूक, की त्यांना ते आठवेल, तो एका हाताने उचललेला माणूस. बायकांत कुजबुज सुरू झाली. "बहुत दुबली हो गई बेचारी," असं कुणीतरी म्हणालंच.

पारडी सारखी झाली. दांडी आडवी स्थिर राहिली.

"हो गे अम्मा, बरोबर," तो माणूस म्हणाला.

"हव," आई म्हणाल्या. पण त्या मागे फिरल्या नाहीत. टोपल्यात उरलेली एक भेली त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि गुळाच्या पारड्यात ठेवली. ते पारडं धाडकन खाली गेलं आणि मी पारड्यासकट खुर्चीएवढी वर उचलली गेले.

"अम्मा, जादा हो गे!"

"होऊ दे. काट्याले जे दिसत नाही, त्याचा हा गूळ."

मग त्यांनी मला उतरायला हात दिला. सवयीने दिला आणि लगेच मागे घेतला. दोन पावलं सरकून त्या उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मी हात छातीशी बांधले, पाय जमिनीला टेकवले आणि उठले.